साक्रीचा डाइक ते चंद्राचा नकाशा : खानदेशात राहून ग्रहविज्ञानात पाय कसा रोवायचा

२९ जून १८४३ रोजी जुन्या खानदेश जिल्ह्यात, एदलाबादजवळ पूर्णाकाठच्या मानेगावात आकाशातून एक दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. हा दगड जगभरच्या अशनींच्या यादीत 'मानेगाव' याच नावाने नोंदलेला आहे आणि त्याचा प्रकार डायोजेनाइट. या गटातले दगड व्हेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आले, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. २०११-१२ मध्ये डॉन यानाने व्हेस्टाभोवती फिरून जे वर्णपट घेतले, त्यांनी या मताला बळ दिलं. म्हणजे ग्रहविज्ञान खानदेशाला काही परकं नाही. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा भूगोल शिकणाऱ्याला हा रस्ता अहमदाबाद-बंगळूरुच्या लोकांचाच वाटतो.

अडतं कुठे? अंतरात नाही, क्रमात. बहुतेक जण आधी अर्ज करतात, नाकारले जातात आणि मग विषय सोडून देतात. क्रम उलटा हवा. आधी हातात एक छोटं, पूर्ण झालेलं काम हवं : एक नकाशा, एक तक्ता, दोन पानांचं टिपण. अर्ज त्यानंतर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. लॅपटॉप असेल तर पहिलं काम तीन-चार महिन्यांत होतं.

पायरी १ : प्रश्न लहान घ्या

'मंगळावरील जीवसृष्टी' हा प्रश्न नव्हे, तो विषय आहे. 'चंद्रावरच्या अमुक काळ्या मैदानातल्या १०० बाय १०० किमी तुकड्याचं वय विवरं मोजून किती येतं?' हा प्रश्न (पृष्ठभाग जितका जुना, तितकी त्यावर आघातांची विवरं जास्त). 'साक्री तालुक्यातल्या डाइकची (जमिनीतल्या उभ्या भेगेत लाव्हा गोठून झालेल्या भिंतीची) रुंदी आणि त्यातल्या भेगांची ठेवण मोजून ती चंद्रावरच्या सरळ घळींखाली मानल्या जाणाऱ्या डाइकशी ताडून पाहता येईल का?' हाही प्रश्न. कसोटी सोपी आहे : उत्तर एका आकड्यात किंवा एका नकाशात मावलं पाहिजे.

पायरी २ : डेटा उतरवणं

चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरचा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर मोफत मिळतो. नोंदणी करावी लागते, एवढंच. हे पोर्टल बंगळूरुजवळच्या ब्यालालू इथल्या इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटरचं. मंगळयान आणि चांद्रयान-३ यांचा डेटाही तिथेच. नवख्याने आधी कोणतं उपकरण काय देतं ते समजून घ्यावं. ओएचआरसी कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे २५ सेंटिमीटरचा आणि पट्टा जेमतेम ३ किमी रुंद. टीएमसी-२ या कॅमेऱ्याचा पिक्सेल ५ मीटरचा, पट्टा २० किमी. खनिजं ओळखायला आयआयआरएस, पृष्ठभागाखालचं चाचपायला डीएफएसएआर हे रडार, मूलद्रव्यांसाठी 'क्लास' हे उपकरण.

पहिल्या कामाला ओएचआरसी घेऊ नका. चित्रं देखणी असतात, पण एकेक फाइल प्रचंड मोठी असते आणि ३ किमीच्या पट्ट्यात मोजण्याजोगं फारसं सापडत नाही. टीएमसी-२ च्या ऑर्थो (नकाशासारख्या सरळ केलेल्या) प्रतिमा आणि उंचीचे नकाशे हेच सुरुवातीला बरे. सोबत नासाच्या एलआरओ यानाचा १०० मीटर पिक्सेलचा संपूर्ण चंद्राचा मोझेक (जोडचित्र) उतरवून ठेवा, पायाभूत नकाशा म्हणून तो कायम लागतो. मंगळासाठी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं जेमार्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे, डेटा न उतरवताही त्यात बरंच काम होतं.

डेटा पीडीएस-४ या स्वरूपात येतो. त्यात दोन फाइली असतात : प्रतिमेची आणि एक्सएमएल लेबलची. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये, आहे त्याच नावाने राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याच्या नादात कोणी नुसती प्रतिमा पाठवतो, समोरच्याकडे ती उघडत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना प्रतिमेची नव्हे, लेबलची फाइल निवडायची. आणि यादीत 'रॉ' आणि 'कॅलिब्रेटेड' असे दोन्ही पर्याय दिसले तर कॅलिब्रेटेड (उपकरणाच्या त्रुटी काढलेला) घ्या. रॉ आकड्यांवर खनिजांबद्दल काही लिहिलंत, तर परीक्षक पहिल्याच पानावर परत पाठवेल.

यंत्र : ८ जीबी रॅमवर काम रडतखडत होतं, १६ जीबीवर नीट होतं. डेटासाठी वेगळी हार्ड डिस्क ठेवा.

पायरी ३ : विवरं मोजणं, आणि चुका जिथे होतात त्या जागा

पहिली चूक नकाशाच्या संदर्भप्रणालीत होते, आणि ती जवळजवळ प्रत्येकाकडून होते. क्यूजीआयएस आपल्या सवयीने पृथ्वीची डब्ल्यूजीएस-८४ प्रणाली लावतं. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किमी, चंद्राची १,७३७.४ किमी. पृथ्वीची प्रणाली तशीच राहिली तर प्रत्येक लांबी ३.६७ पट आणि क्षेत्रफळ जवळपास साडेतेरा पट मोठं येतं. विवरांचे व्यास आणि घनता दोन्ही चुकतात आणि मैदानाचं वयही चुकीचं ठरतं. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रकल्पाच्या गुणधर्मांत आयएयू-२०१५ च्या यादीतली ३०१०० ही चंद्राची प्रणाली निवडा (मंगळासाठी ४९९००). मग ताळा करा. कोपर्निकस विवराचा व्यास मोजून पाहा. सुमारे ९३-९६ किमी आला तर ठीक, साडेतीनशेच्या घरात गेला तर प्रणाली चुकली.

दुसरी गोष्ट रेखांशाची. काही डेटा ० ते ३६० अंशांत असतो, काही उणे १८० ते १८० मध्ये. दोन थर एकमेकांवर बसत नसले, तर आधी इथे पाहा.

तिसरी चूक डोळ्यांची. प्रकाश चित्राच्या खालच्या बाजूने येत असेल तर खड्डे टेकड्यांसारखे दिसतात. चित्र १८० अंशांत फिरवून बघितलं की भ्रम जातो. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना घेतलेल्या चित्रात तर लहान विवरं दिसतच नाहीत. सूर्य क्षितिजाजवळ असतानाची चित्रं निवडा. लेबलमध्ये इन्सिडन्स अँगल (सूर्यकिरण आणि पृष्ठभागाचा लंब यांतला कोन) दिलेला असतो, तो ६० ते ८० अंशांच्या दरम्यान असेल तर उत्तम.

आता मोजणी. दहा पिक्सेलपेक्षा लहान विवर मोजू नये, हा साधा दंडक. १०० मीटरच्या मोझेकवर त्याचा अर्थ १ किमीपेक्षा मोठी विवरंच घ्यायची. साडेतीन अब्ज वर्षं जुन्या मारिया, म्हणजे काळ्या मैदानात १०,००० चौरस किमीत अशी साधारण पन्नास विवरं भरतात. मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ ही त्याची किमान अनिश्चितता धरतात : पन्नासवर सात, म्हणजे १४ टक्के. हेच काम टीएमसी-२ च्या २० बाय २० किमी तुकड्यावर केलं तर मोठी विवरं दोन-तीनच मिळतील आणि त्यावरून काढलेल्या वयाला काही अर्थ राहणार नाही. मग मोह होतो तो लहान विवरं मोजण्याचा, कारण ती शेकड्यांनी असतात. पण जुन्या मैदानावर दोन-तीनशे मीटरच्या खाली विवरं संपृक्त झालेली असतात. नवं एक पडलं की जुनं एक पुसलं जातं, आकडा वाढत नाही आणि वय कमी येतं. शिवाय मोठ्या आघातातून उडालेल्या दगडांनी पडलेली दुय्यम विवरं साखळीने किंवा झुबक्याने असतात. ती वेगळ्या थरात ठेवा आणि मोजणीतून वगळा, पण किती वगळली ते लिहा.

आकडे हातात आले की बर्लिनच्या फ्राय विद्यापीठाचं क्रेटरस्टॅट्स वापरून वय काढता येतं. तेही मोफत आहे.

एक सवय लावून घ्या : तोच तुकडा पंधरा दिवसांनी, पहिली मोजणी न बघता पुन्हा मोजा. दोन मोजण्यांतला फरकही टिपणात द्या. अहवालात हे दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, माणूस कामाचा आहे.

पायरी ४ : वावरातला खडक

इथे खानदेशाचं पारडं जड आहे, आणि याचा उपयोग फार थोडे करतात. दख्खनच्या लाव्हाला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. नंदुरबार-धुळे पट्ट्यात त्यातल्या डाइकांचा मोठा समूह उघडा पडला आहे. दोनशेहून जास्त डाइक नकाशावर आलेले आहेत. साक्री-धुळे-पारोळा हा त्यातला एक सुमारे ७९ किमी लांब आहे. गावात त्याला कोणी डाइक म्हणत नाही. माळावरून सरळ गेलेली काळ्या कातळाची भिंत म्हणून तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. आजूबाजूचा सच्छिद्र लाव्हा झिजतो, डाइकचा घट्ट खडक टिकतो, म्हणून तो कण्यासारखा वर राहतो.

डाइक की लाव्हाचा थर, हे ओळखण्याची खूण भेगांत आहे. लाव्हा थंड होताना थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात भेगा पडतात. थर आडवा असतो, म्हणून त्याचे खांब उभे. डाइक उभा असतो, म्हणून त्याचे खांब आडवे : कडेने पाहिलं तर लाकडाची थप्पी रचल्यासारखे दिसतात. कडेला हाताच्या बोटांएवढ्या रुंदीपर्यंत बारीक कणांचा, जवळजवळ काचेसारखा पट्टा सापडला, तर ती डाइक थंड खडकाला टेकून गोठल्याची खूण.

सोबत काय न्यायचं : भूगर्भशास्त्राचा हातोडा, १० पट भिंग, ३० मीटरची टेप, क्लिनोमीटर असलेली कंपास, जीपीएस (मोबाइलचं चालतं, पण चार-पाच मिनिटं एका जागी थांबून वाचन घ्या), कापडी पिशव्या, जाड मार्कर, ड्रॉपरच्या बाटलीत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि गॉगल. हातोडा मारताना गॉगल नसेल तर घरीच थांबा. बेसॉल्टची कपची डोळ्यात जाते ती चाकूसारखी.

कंपास इथे फसवते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि वीज पडलेल्या कातळावर त्याचं चुंबकत्व इतकं वाढतं की सुई पंधरा-वीस अंश सहज वळते. डाइकची दिशा कातळावर कंपास ठेवून घेऊ नका. दोन-तीन मीटर लांब उभे राहा आणि रेषेत बघून वाचन घ्या. मग डाइकवर दीडदोनशे मीटर अंतराने दोन जीपीएस बिंदू घेऊन त्यांच्यातली दिशा काढा. दोन्ही जुळली तर नोंदवा. रुंदी मोजताना टेप डाइकला काटकोनात धरा, रस्त्याच्या दिशेने नव्हे.

नमुना मुठीपेक्षा थोडा मोठा, ताजा, वरची तपकिरी साल काढलेला. मध्यातून एक, कडेतून एक. क्रमांक दगडावर दोन बाजूंना आणि पिशवीवरही. सूक्ष्मदर्शकाखालचा पातळ छेद ०.०३ मिमी जाडीचा लागतो. त्याची सोय असलेल्या विभागाशी आधी बोलून घ्या, नाहीतर नमुने कपाटात पडून राहतात.

रावेर तालुक्यातलं सावदा झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइटच्या स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. ही खनिजं बेसॉल्टच्या पोकळ्यांत गरम पाणी फिरून तयार झाली. अ‍ॅनाल्साइम हे झिओलाइट मंगळावरही कक्षेतून ओळखलं गेलं आहे. म्हणून सावद्याच्या नमुन्याचा परावर्तन वर्णपट मंगळाच्या डेटाशेजारी ठेवणं हे नुसतं शोभेचं काम नाही. पोकळीत पांढरं काही दिसलं तर आधी आम्लाचा थेंब टाका : फसफसलं तर कॅल्साइट. दोन लाव्हाथरांमधला तांबडा थरही सोडू नका, त्यातली चिकणमाती मंगळाच्या अभ्यासकांना हवीच असते.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात तापलेल्या कातळावर काम करणं हा हट्ट आहे, शौर्य नाही. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर कपाशी उभी असते आणि वावरात शिरू देणार कोण? मालकाला आधी विचारा, हातोडा घेऊन कशाला आलात ते दोन वाक्यांत सांगा. खाणीत जाण्याआधी सुरुंगाची वेळ विचारा. तोरणमाळ, यावल या भागांत वनविभागाची परवानगी लागते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार, म्हणजे बेसॉल्टमधलं सुमारे १.८ किमी व्यासाचं आघातविवर, हे अभयारण्य आहे. तिथे लेखी परवानगीशिवाय एक खडाही उचलू नका.

पायरी ५ : शास्त्रज्ञाला पत्र

नकाशा आणि दोन पानं तयार झाली की ईमेल लिहा. दीडशे-दोनशे शब्द, त्यापेक्षा जास्त नको. पहिल्या वाक्यात तुम्ही काय मोजलं ते, दुसऱ्यात आकडा आणि त्याची अनिश्चितता, तिसऱ्यात कुठे अडलात. मग काय हवं आहे ते नेमकं : उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा प्रकल्प, की आकड्यावर फक्त मत. 'मला लहानपणापासून अवकाशाची आवड आहे' हे वाक्य काढून टाका. येणाऱ्या प्रत्येक पत्रात ते असतं. जोडपत्र एकच, पीडीएफ, २ एमबीच्या आत. चाळीस जणांना एकच पत्र पाठवलं की ते कळतं, आणि हे क्षेत्र लहान आहे.

जायचं कुठे? अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, अर्थात पीआरएल, हे या विषयाचं देशातलं मुख्य ठिकाण. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं, मूलद्रव्यं ओळखणारं एपीएक्सएस हे उपकरण तिथलं. दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीचं त्याने केलेलं विश्लेषण ऑगस्ट २०२४ मध्ये नेचरमध्ये आलं. जळगाव-नंदुरबारकरांना नवजीवन एक्सप्रेस थेट अहमदाबादला नेते, पुण्यापेक्षा हे सोयीचं. त्याखेरीज अहमदाबादचंच स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटर, तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी आणि आयआयएसटी ही अंतराळ शिक्षणसंस्था, आयआयटी मुंबई, रुरकी, खरगपूरचे भूविज्ञान विभाग. इस्रोच्या इंटर्नशिपला किमान ६० टक्के किंवा ६.३२ सीजीपीए लागतो.

प्राध्यापकांसाठी एक गोष्ट. इस्रोचा 'स्टार्ट' हा ऑनलाइन अवकाशविज्ञान अभ्यासक्रम महाविद्यालयांमार्फत चालतो. जाहिरात आली की संस्थेने केंद्र म्हणून अर्ज करायचा असतो, विद्यार्थ्याने एकट्याने नव्हे. 'रिस्पॉन्ड' या योजनेत संशोधन प्रकल्पाला निधी मिळतो. त्याला कायम नोकरीतला शिक्षक प्रमुख संशोधक म्हणून लागतो, आणि इस्रोने मागितलेल्या विषयांची यादी वाचून प्रस्ताव लिहावा लागतो. आपल्याला आवडला तो विषय पाठवला की तो बहुधा परत येतो.

पायरी ६ : परीक्षा

पीएचडीसाठी तीन दारं : सीएसआयआर-नेट, गेट आणि (भौतिकशास्त्रवाल्यांना) जेस्ट. नेटमधल्या पेपरच्या नावातच पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान आहे. २०० गुण, तीन तास. दीडशे प्रश्नांपैकी ७५ सोडवायचे. 'क' भागात ८० पैकी २५, प्रत्येकी ४ गुण, चुकीला ३३ टक्के वजावट. इथेच बरेच जण बुडतात, कारण सगळे प्रश्न वाचण्यात वेळ जातो. आपले तीन-चार विभाग आधी ठरवून फक्त तेवढेच वाचा. नेटमध्ये आता जेआरएफशिवाय (ही कनिष्ठ संशोधन फेलोशिप) 'फक्त पीएचडी प्रवेश' अशीही पात्रता मिळते. तिचे गुण एक वर्षच चालतात. गेटचे अर्ज ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुमारास आणि परीक्षा फेब्रुवारीत. जेस्टही त्याच सुमारास.

पायरी ७ : पैसा आणि कागद

जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये, एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० आणि वर घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी महाज्योती. नंदुरबार आणि सातपुड्यातल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागांची. परदेशी शिक्षणासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, पण तिथे जागा २०.

अर्ज बाद होतो तो बहुतेकदा कागदावर. केंद्राच्या संस्थेला ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. तहसीलमधून मिळालेलं राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. नॉन-क्रिमिलेयर चालू आर्थिक वर्षाचं आहे का, तेही पाहा. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी अर्ज टाका. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, आधारवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर एक असू द्या.

पीएचडीनंतर देशात एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, युरोपात मारी क्युरी फेलोशिप. दुसरीला राष्ट्रीयत्वाची अट नाही, पीएचडी होऊन आठ वर्षांच्या आत असावं लागतं, मुदत सप्टेंबरात संपते. पीएचडीच परदेशात करायची असेल तर गॉटिंगेनच्या माक्स प्लांक सूर्यमाला संशोधन संस्थेच्या जागा दर शरदात निघतात.

पायरी ८ : परिषद

टेक्सासमधली ल्यूनर अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स दर मार्चमध्ये भरते. तिचा गोषवारा दोन पानी असतो, आकृत्यांसह, आणि मुदत जानेवारीच्या सुरुवातीला. दिवाळीत मोजणी संपली तरच हे जमतं. युरोपची परिषद सप्टेंबरात. पण पहिली परिषद देशातली करा : पीआरएलची इंडियन प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स किंवा दोन वर्षांनी होणारं नॅशनल स्पेस सायन्स सिम्पोझियम. तिथे चहाच्या वेळी भेटलेला माणूसच पुढे तुमच्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला असू शकतो.

बातम्या कशा वाचायच्या

मोहिमेची बातमी आली की 'उड्डाण कधी' यापेक्षा 'डेटा कधी खुला होणार' हे पाहा. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला (२,१०४.०६ कोटी) आणि शुक्राच्या ऑर्बिटरला (१,२३६ कोटी, उड्डाणाचं नियोजन मार्च २०२८) मंजुरी दिली. चांद्रयान-४ चंद्रावरून माती आणणार आहे, म्हणजे नमुने हाताळणारी, पातळ छेद वाचू शकणारी माणसं लागणार. आज एमएस्सीला असलेला विद्यार्थी तोवर पीएचडी झालेला असेल. शुक्रावर ढगांखालचं रडारने बघावं लागतं, म्हणून रडारचा डेटा आत्ताच शिकायला हरकत नाही. चांद्रयान-२ चा डीएफएसएआर त्यासाठी समोर आहे. जपानसोबतच्या लुपेक्स या चांद्रमोहिमेत ध्रुवीय बर्फाचा शोध आहे. युरोप-जपानचं बेपीकोलंबो यान नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाच्या कक्षेत जाईल असं नियोजन आहे, त्याचा खरा डेटा त्यानंतर.

आणि अशनी सापडली असं वाटलं तर

खानदेशात दर वर्षी कोणीतरी काळा, जड, चुंबकाला चिकटणारा दगड घेऊन महाविद्यालयात येतो. बहुतेक वेळा तो बेसॉल्ट असतो किंवा भट्टीतला लोखंडाचा मळ. बेसॉल्टही चुंबकाला थोडा ओढतो, त्यामुळे ती परीक्षा इथे कुचकामी. उलट चुंबक लावूच नका. खरी अशनी असली तर तिच्यातलं मूळ चुंबकत्व पुसलं जातं. आत फुग्यांसारखी छिद्रं असतील तर ती जवळपास नक्कीच अशनी नाही. ताज्या अशनीवर काळी, पातळ, वितळलेली साल असते आणि आतला भाग वेगळ्या, बहुधा फिकट रंगाचा.

पडताना कोणी पाहिलं असेल तर वेळ, दिशा आणि आवाज लगेच लिहून घ्या. दगड उचलण्याआधी शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा आणि जीपीएस नोंदवा. उघड्या हाताने न धरता स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, पाण्याने धुऊ नका. मग तहसील कार्यालयात आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनी जपण्याचं काम त्यांच्याकडे आहे. गावात वाटणी करून दगड फोडू देऊ नका.